कागदावर नाव तुझं होतं

आई,

परवा घरी एक माणूस आला होता. सूट घातलेला, बोलायला गोड. दर दुसऱ्या वाक्याला "गेनाऊ" म्हणायचा, म्हणजे आपलं "अगदी बरोबर". त्यानं नवा करार माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, यापुढे तुमच्या गिऱ्हाइकांना जाणाऱ्या प्रत्येक कागदावर आमचं नाव आणि आमचा नंबर असेल, तुमचा छापायची गरजच नाही. त्याला ही सोय वाटत होती. मी त्याला चहा दिला, आणि मला तू आठवलीस.

मी इथे काय करतो ते आधी सांगायला हवं. तू होतीस तेव्हा मी न्युरेम्बर्गच्या कारखान्यात होतो. ती नोकरी गेली. मग परीक्षा देऊन विम्याचं काम धरलं, तुझं आणि अण्णांचंच काम. फक्त मी कुणा एका कंपनीचा एजंट नाही. गिऱ्हाइकाला जे बरं ते सांगायचं, मग कंपनी कुठलीही असो. पण एकट्या माणसाला इतक्या कंपन्यांशी करार करणं, त्यांचे दर पडताळणं, कागद पाठवत राहणं झेपत नाही. म्हणून माझ्यासारखे लोक एखाद्या संस्थेशी जोडून घेतात. ती आमच्या वतीनं कंपन्यांशी बोलते, मागची कामं उरकते आणि कमिशनातला वाटा ठेवते. इथे तिला पूल म्हणतात. तू असतीस तर विचारलं असतंस, "ओढ्यावर असतो तसला का रे?" आणि मी हो म्हणालो असतो, कारण काम तेच. अलीकडे माणसं, पलीकडे कंपन्या. मी निवडलेला पूल लहान होता, चांगला होता. त्याला एका मोठ्यानं विकत घेतलं, आणि मग एकेका कागदावरून माझं नाव जाऊ लागलं. परवाचा माणूस त्याच मोठ्या पुलाचा.

आपलं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. अण्णा शाळामास्तर, त्यांना दुसरं काम करायला मनाई, म्हणून एजन्सी तुझ्या नावावर. बोलणं अण्णांचं, सही तुझी. ती सहीदेखील त्यांनीच तुला शिकवलेली, पाटीवर गिरवून घेऊन. विमा उतरवलेलं कुणी गेलं की अण्णा ओट्यावर बसून राहतात, त्यांच्यानं उठवत नाही. तू चुलीपाशी असतेस. भाकरी थापतेस, पिठलं हाटतेस, फडक्यात गाठोडं बांधून वर कडुलिंबाची डहाळी खोचतेस. ज्या घरातलं माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही, आजूबाजूचे लोक कडू घास नेतात. पण तू जिथे आपलं नातंगोतं काही नाही तिथेही जायचीस. एकदा अण्णा वैतागले.

"अगं, एजंट मी आहे. तू कुठे निघालीस?"

"कागदावर नाव कुणाचं?"

"तुझं. पण ते नावापुरतं."

"मग नावापुरतं जाऊन येते."

मी तेव्हा कॉलेजात होतो, मला फार कळत होतं. म्हणालो, पैसे कंपनी देणार आहे, तू भाकऱ्या कशाला नेतेस? तू वळूनही पाहिलं नाहीस. "पैसे येतील तेव्हा येतील. पोरं आत्ता बसलीत."

या वसंतात मला वोल्फ्सबुर्गहून फोन आला. आवाज बाईचा, ओळखीचा नव्हता. "काका, तुम्ही अजून हेच काम करता का?" तिचा नवरा तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, पुण्याचा मुलगा, त्याचा विमा मीच उतरवला होता. ऑफिसात बसल्या जागी गेला. त्याला महिना उलटून गेला होता आणि मला पत्ता नव्हता. तिनं कागदावरच्या नंबरावर फोन केला होता, पुन्हा पुन्हा केला होता. पलीकडून जर्मनमध्ये मृत्यूचा दाखला अपलोड करा असं काहीतरी सांगायचे. तिला तेवढं जर्मन येत नाही. शेवटी नवऱ्याच्या मोबाइलमध्ये तिला "विमावाले काका" असं नाव सापडलं. म्हणाली, "कागदावर तुमचं नाव नव्हतं ना, म्हणून वाटलं तुम्ही सोडलंत."

मी पिठलं करायला घेतलं तेव्हा तुझी सून दारात उभी. "अहो, तुम्ही विमा विकता की सुतक पाळता? आणि महिन्यानंतर कसला कडू घास?" मग माझ्या हातातली कढई बघितली आणि तिनं ज्वारीच्या भाकऱ्या केल्या. कडुलिंब इथे कुठला मिळायला. सुकवलेली मेथी टाकली, कडूपणापुरती. तुझी नात म्हणाली, "पापा, दास इस्ट दोख निश्त डाइन जॉब." हे काही तुझं काम नाही, असं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. मी पिठलं डब्यात भरलं.

वोल्फ्सबुर्गच्या त्या घरात खिडकीशी वाळलेल्या फुलांचे गुच्छ होते. ऑफिसातले लोक ठेवून गेले होते, इथली रीत ती. सासरमाहेरच्यांना व्हिसा वेळेत मिळाला नाही. अग्नी दिला त्या दिवशी घरी आल्यावर काय खाल्लं, असं मी विचारलं. म्हणाली, "ब्रेड होता. हिला दिला." ही म्हणजे तिची मुलगी, बालवाडीत जाणारी. तिनं डबा पाहिला आणि जर्मनमध्ये विचारलं, "हे पप्पांसाठी आहे?"

सूटवाल्याला मी यातलं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "माझं कुणी गिऱ्हाईक वारलं तर?"

"आमचं सर्व्हिस-सेंटर आहे ना. सगळे दिवस चालू."

"ते झालं. पण जाणार कोण?"

"कुठे?" त्यानं विचारलं.

चेष्टेनं नाही गं, त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याचा राग नाही आला. करार रात्रभर देवापुढे होता, सकाळी दिवा लावला आणि तो सही न करता परत पाठवला. दुसरा एक लहान पूल बघितलाय. तिथल्या बाई म्हणाल्या, "हे बघा, आमचं सॉफ्टवेअर जुनं आहे, तक्रारी कराल. पण कागद तुमच्या नावानं निघेल." आता माझ्या प्रत्येक माणसाकडे जाऊन नव्यानं सह्या घ्यायच्या. सगळे येणार नाहीत, काही तिकडेच राहतील. पुढे त्यांच्याकडे कुणी वारलं तर तेही मला कळणार नाही, आणि माझा जीव सारखा तिथेच अडकतो. तुझी सून म्हणते, पन्नाशीला आलात, आता पुन्हा पहिल्यापासून? पण आज संध्याकाळी तीच पत्ते काढत बसली होती.

हे पत्र टाकायला पेटी नाही. तुला सहीपुरतीच अक्षरं यायची, आणि वाचून दाखवायला अण्णाही नाहीत. देवघरात ठेवीन.

एक सांगायचं राहिलं. तू गेलीस तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तू ज्यांच्या ज्यांच्या घरी गेली होतीस त्या बायका गाठोडी घेऊन आल्या होत्या, घरच्यांनी घास घेतले होते. काकू म्हणाली, "तुझा राहिला रे." तो राहिलाच. वोल्फ्सबुर्गला त्या पोरीच्या आईनं दोन ताटल्या मांडल्या. "काका, एकटीला जात नाही. तुम्हीपण घ्या." पिठल्यात गुठळ्या होत्या, मीठ कमी होतं. ती रडत जेवली, मीही जेवलो. तिला वाटलं, मी तिला सोबत करतोय.

तो तुझा घास होता, आई. तिला तसं सांगितलं नाही.