धाकटीच्या हातचा काढा

४ नोव्हेंबर

आईने आज पुन्हा आमच्या कंपनीच्या खोकल्याच्या सिरपची बाटली परत केली. झाकणसुद्धा उघडलेलं नाही. "तुमच्या बाटल्यांत असतं काय गं? साखरेचं पाणी!" आणि हे कुणाला, तर मला! जिचा अख्खा दिवस त्या बाटलीत वासिसीन पुरेसं उतरलंय की नाही हे तपासण्यात जातो तिला! अडुळशाच्या पानातलं खरं औषध ते. कफ सुटतो, छाती मोकळी होते. ते कमी भरलं तर मी माल अडवते. साहेब कितीही आदळआपट करोत.

संध्याकाळी धाकटी आली. माझी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते, शिवणकाम करते. थर्मासमधून अडुळशाचा काढा आणला होता. आई गटागटा प्यायली. वर म्हणाली, "हिच्या हाताला गुण आहे."

माझ्या हाताला काय आहे? रबरी मोजे.

६ नोव्हेंबर

आईचा खोकला कमी आहे. ऐकून मला आधी राग आला, मग बरं वाटलं. क्रम असाच होता. निदान इथे तरी उलटा लिहू नये.

७ नोव्हेंबर

सकाळचा चहा. पहिला घोट घेतला की आई म्हणणार, "फक्कड झालाय!" एकही दिवस चुकत नाही. एरवी माझ्याशी तिचं सगळं रोखठोक. भाजी खारट, साडीचा रंग शोभत नाही, अलीकडे फार ओढलेली दिसतेस. म्हणून त्या एका शब्दावर माझा भरवसा. गोड लागतो तिला, दोन चमचे साखर. धाकटीच्या चहाला मात्र नाक मुरडते.

तेवढं तरी माझं!

९ नोव्हेंबर

आमच्या यंत्राच्या पडद्यावर औषधातल्या प्रत्येक द्रव्याचा एकेक उंचवटा उमटतो. आम्ही त्याला 'पीक' म्हणतो. हे आईला एकदा सांगून बसले, तेव्हापासून घरात पाऊल टाकलं की विचारते, "काय, कसं काय आलं पीक?" जुना विनोद. मला आवडायचा.

आज धाकटी समोर होती. आई तिला म्हणाली, "ही नुसती पिकं काढते. खोकला घालवतेस तू."

दोघी हसल्या. मीही हसले. हसण्याचा आवाज माझा मलाच खोटा वाटला.

१२ नोव्हेंबर

"ताई, मी काय म्हणते, थंडीभर आईला माझ्याकडे नेऊ का? वेळच्या वेळी काढा होईल."

मी तोंड उघडायच्या आत आई, "चालेल की!"

विचार करते म्हणाली नाही. हिला विचारू दे म्हणाली नाही. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे आहे. तिच्या उशीची उंची, पाण्याचा तांब्या कुठल्या हाताला लागतो, कुठल्या कुशीवर दम कमी लागतो, सगळं मला पाठ. आणि दहा मिनिटांत बॅग पलंगाखालून बाहेर! झटकूनसुद्धा घेतली. येत्या रविवारनंतरचा रविवार ठरला.

थंडीभर म्हणे. एकदा बोट धरलं की धाकटी कधी सोडते का? लहानपणी माझी बाहुलीही 'जरा' खेळायलाच नेली होती.

(बाहुली! या वयात! शाबास.)

१४ नोव्हेंबर

एक शंका. धाकटी पानं आणते कुठून? अडुळसाच आहे की भलतंच झुडूप? आईच्या छातीचा प्रश्न आहे. तपासायला नको?

वरची वाक्यं पुन्हा वाचली. सगळी खरी आहेत. तरी त्यांतून मला काय हवंय ते स्वच्छ दिसतंय. ती पानं चुकीची निघायला हवी आहेत.

साहेबांना रीतसर विचारलं. खासगी नमुना आहे, चोरून लावणार नाही म्हटलं. "बहिणीचा काढा यंत्रावर? बाई, तुम्हाला घरी चहाला बोलवायची आता सोय राहिली नाही!" पण परवानगी दिली. थर्मासच्या तळाशी उरलेला काढा लहान कुपीत भरून घेतला. आईने पाहिलं नाही.

१५ नोव्हेंबर

वासिसीन आहे. ठसठशीत, चांगलं भरपूर. पडद्याकडे बघून मनात म्हटलं, हरलीस.

आणि मग त्याच्या पुढे आणखी एक पीक वर आलं. झोपेतून उठवलं तरी ओळखेन अशा जागी. बेंझोएट! औषध नासू नये म्हणून आम्ही सिरपमध्ये घालतो ते. झाडाच्या पानात ते कुठून येणार इतकं? झाडाला काय बाटलीत बसून दोन वर्षं टिकायचंय?

आमच्या सिरपचा आलेख शेजारी लावला. दोन द्रव्यांचं एकमेकांशी प्रमाण तेच. फक्त पाणी वाढवलेलं. म्हणजे धाकटीचा काढा तो माझीच बाटली! मीच तपासून, सही करून बाहेर सोडलेली!

एकटीच मोठ्याने हसले. आनंद झाला. चांगला आनंद नव्हता तो. पण झाला.

१६ नोव्हेंबर

सुट्टी. सरळ धाकटीकडे. मशीनवर वाकलेली होती, तोंडात टाचण्या. मी आलेख तिच्या समोरच्या कापडावर ठेवला आणि बेंझोएटवर बोट टेकवलं.

टाचण्या काढून म्हणाली, "हा कुठला डोंगर?"

"तुझ्या काढ्यातला."

वाकून नीट बघितलं. मग, "अगं बाई! हे पण दिसतं त्यात?"

लाजली नाही, चिडली नाही. स्वयंपाकघरात नेलं आणि मसाल्याच्या डब्यांमागची बाटली काढून दाखवली. आमचंच लेबल. "आधी नुसत्या पानांचाच केला होता. आईने एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. मग तुझी बाटली ओतली. वर आलं, मध, आणि दोन पानं वासापुरती. कपातून वाफ आली पाहिजे, म्हणजे काढा."

"पण बाटली मी देत होतेच ना तिला!"

"तू देतेस ती कशी देतेस ताई? चमचा उजेडात धरून मापतेस. मग समोर बसून विचारतेस, काल किती वेळा खोकलीस? कफ कसला होता? तिला वाटतं, पेपर सोडवायला बसवलंय!"

मी म्हटलं, "सांगू का आईला?"

"सांग की. मग दोन्ही बंद करेल."

एवढं बोलून पुन्हा टाचण्या तोंडात. वाद संपला.

१७ नोव्हेंबर

सांगितलं नाही. आईचं औषध सुटू नये म्हणून, असं म्हणते आहे. पण तेवढंच आहे का? बॅग भिंतीशी उभी आहे, आणि माझ्याकडे एक वाक्य आहे, ज्याने ती परत पलंगाखाली जाईल. दिवसभर ते वाक्य जिभेवर घोळवलं, लिमलेटच्या गोळीसारखं. गप्प राहण्यातही मला मोठेपणा मिरवायचा आहे की काय?

माझी मलाच खात्री देता येत नाही.

२० नोव्हेंबर

धाकटीला गणवेशांचं मोठं काम आलंय. फोनवर, "ताई, आज काढा तूच दे. कसा करायचा ते तुला... म्हणजे, माझ्यापेक्षा तुलाच जास्त माहीत आहे!" हसली.

मला ते जमेना. बाटली हातात घेतली, परत ठेवली. काढा म्हणायचं आणि बाटली पाजायची? कंपनीच्या बागेतून ताजी पानं आणली होती, ती धुऊन, चिरून, मंद आचेवर पाणी निम्म्याहून कमी होईपर्यंत उकळली. गाळला, मध घातला. खराखुरा काढा. मनात म्हटलं, आता कळू दे कुणाच्या हाताला गुण आहे ते.

आईने घोट घेतला आणि तोंड असं केलं की बघवेना.

"कडूजहर! यात तुझी बाटली कुठाय?"

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. "तुला माहीत आहे?"

"जीभ शाबूत आहे माझी अजून. अडुळसा कधी इतका गोड असतो होय? लहानपणी नाक दाबून पाजायचे आम्हाला."

"मग माझ्याकडून का नाही घेत?"

"तुझ्याकडून घेतली, तर तिने काय आणायचं?"

आई पुढे म्हणाली, "मला कळलंय हे तिला सांगू नकोस हं. फार कष्टाने लपवते बिचारी." आणि कप पुढे केला. "घाल त्यात बाटली. वाया नको जायला."

२१ नोव्हेंबर

कामावर लक्ष नव्हतं. एक नमुना दोनदा लावला.

काढ्याचा हेवा गेला. गुण धाकटीच्या हाताचा नव्हता, हे सिद्धच झालं. आता दुसराच हेवा बसलाय छातीवर, आणि तो पहिल्यापेक्षा घट्ट आहे. धाकटीला बरं वाटावं म्हणून आई रोज, न चुकता, खोटं बोलते. तोंड वाकडं न करता. कौतुक करून.

माझ्याशी मात्र खरं. खारट ते खारट. मी शिकलेली, मला खरं सोसतं, असं असेल. असेलही. पण कुणी आपल्यासाठीही एखादं खोटं जपावं, असं वाटू नये का?

साहेबांनी विचारलं, "काय निघालं हो काढ्यात?" म्हटलं, अडुळसा.

माझं पहिलं खोटं. बरं वाटलं!

२४ नोव्हेंबर

रविवार. बॅग दारात. खाली धाकटी गाडी थांबवून हाका मारत होती. निघता निघता आईला चहा दिला. कप रिकामा करूनच उठली. "फक्कड झालाय!"

ती गेल्यावर त्याच चहाचा माझा कप तोंडाला लावला. साखर घालायलाच विसरले होते.