अर्धा ठोका मागे

४ फेब्रुवारी, रविवार

दादा मागे पडतोय.

तालमीला नाही. तालमीला तो सगळ्यांच्या आधी. दातांचे डॉक्टर — आमचे गिटारवाले — गॅरेजचं शटर उघडतात तेव्हा हा बाहेर स्टुलावर बसलेलाच असतो. ड्रमवर मागे पडतोय. आज तिसऱ्या गाण्यात खात्री पटली. माझं बोट बासच्या तारेवर पडतं, आणि मग त्याची किक येते, पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका. केसभर उशिरा. बाकी कुणाला कळणार नाही. मला कळतं, कारण माझं कामच ते आहे — त्याचा पाय आणि माझं बोट एका क्षणी पडलं पाहिजे, इतकं एका क्षणी की ऐकणाऱ्याला एकच आवाज वाटावा.

बास कुणी ऐकत नाही म्हणा. नऊ वर्षं वाजवतेय, अजून शेजारीण विचारते, "गिटार छान वाजवता हो तुम्ही!" चारच तारा आहेत हे सांगायचं मी सोडून दिलंय.

दादा बावन्नचा झाला. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून कामं करतो. हात-पाय थकणारच. त्याला सांगू कसं? ताल मला त्यानेच शिकवला. मी आठ वर्षांची, तो चौदाचा, जेवणाचं टेबल, दोन चमचे. चुकले की चमच्याने डोक्यात!

७ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानात, माझ्या वर्कशॉपमध्ये, आज फ्रेमचे तीन स्क्रू पाडले. एक सापडला नाही. नवा पेचकस अगदीच भिकार आहे.

१७ फेब्रुवारी, शनिवार

कारखान्याच्या क्लबात कार्यक्रम. कुणीतरी साहेब निवृत्त होत होते. हॉल मोठा, आवाज चांगला, माणसंही हौशी. पहिली चार गाणी झकास. पाचवं वेगाचं, लोक नाचायला उठले — आणि गाणं बसायला लागलं. हळूहळू, टायरमधून हवा जावी तसं. कडव्यागणिक जड. नाचणारे आधी हसले, मग एकेक करून खुर्च्यांकडे गेले. मास्तरांनी गाता गाता दोनदा मागे वळून पाहिलं. मास्तर म्हणजे आमचे गायक. शाळेत गणित शिकवतात, चूक दिसली की त्यांची मान आपोआप वळते.

नंतर वायरी गुंडाळताना ते म्हणाले, "आज गाणं झोपलं. पांघरूण घेऊन झोपलं."

दादाच म्हणाला, "माझं चुकलं. खांदा धरलाय जरा."

मला इतकं वाईट वाटलं त्याचं! घरी सोडताना गाडीत त्याने विचारलं, "लंबे, दमलीस?" मी त्याच्यापेक्षा वीतभर उंच आहे, ते त्याने कधी माफ केलं नाही. मी म्हटलं, मी कशाला दमतेय. तू खांद्याला शेक दे.

२० फेब्रुवारी

डॉक्टरांनी शनिवारचं रेकॉर्डिंग पाठवलं. घड्याळ लावून मोजलं. पाचवं गाणं सुरू झालं तेव्हा मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके. संपलं तेव्हा एकशे सतरा. म्हणजे माझा भ्रम नव्हता.

कुणाला दाखवलं नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज मी एक गोष्ट केली. लिहूनच टाकते, म्हणजे उद्या मलाच वेगळं सांगता येणार नाही.

मास्तरांचा दुपारी फोन. बरेच आढेवेढे घेतले. पुढच्या महिन्यात मोठ्या सभागृहातला कार्यक्रम आलाय, चारशे माणसं, असा आपल्याला कधी मिळाला नव्हता वगैरे. मग म्हणाले, "ताल पडतोय. एक तर तुम्ही, नाहीतर दादा. मला तेवढा कान नाही. तुम्ही सख्खी बहीण आहात, तुम्हीच खरं सांगाल म्हणून तुम्हाला विचारतो."

मी म्हणू शकले असते — आम्ही दोघं बसून बघतो. म्हणू शकले असते — मी. दादाने नाही का स्वतःवर घेतलं!

मी म्हटलं, "दादा."

एवढंच. पुढे खांदा, वय, लिफ्टचं काम, असलं काय काय बोलले, पण ते सगळं त्या एका शब्दावरची सारवासारव. मास्तर म्हणाले, "तुम्हाला किती जड गेलं असेल, कळतं मला." जड गेलं नाही, हेच वाईट. चटकन गेलं.

खरं ते सांगितलं. खरं सांगण्यात काय चूक?

३ मार्च, रविवार

मास्तरांनी तालमीनंतर दादाला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांसमोरच सांगितलं. एका परीने सरळ माणूस. "या कार्यक्रमापुरता दुसरा ड्रमर बघतोय. राग मानू नका."

दादा हातातल्या काठ्या फडक्यात गुंडाळत होता. म्हणाला, "राग कसला? मीच म्हणणार होतो." मग विचारलं, "कोण येतोय?" औषधाच्या दुकानातला एक जण, चांगला वाजवतो म्हणे. दादा म्हणाला, "त्याला सांगा, हिच्या बासकडे कान ठेव म्हणावं." आणि माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी ॲम्पच्या मागे वायर शोधत बसले. वायर हातातच होती.

ड्रम गाडीत भरायला चार खेपा लागतात. चारही खेपांना मी सोबत गेले. शेवटी डिकी लावताना तो म्हणाला, "पट्टा एक घर वर घे बासचा. मनगटाला बरं पडेल."

स्वतःचं सगळं गेलं आणि हा माझ्या मनगटाची काळजी करतोय!

१० मार्च

दादाकडे गेले होते. पुढच्या खोलीत ड्रम चादरीखाली. कुणी आजारी माणूस झोपवल्यासारखे. दादा कामावर होता. वहिनी म्हणाली, "चहा घेणार?" पण तिचा स्वर असा की 'नको' म्हणणंच बरं. जाताना मात्र राहवलं नाही तिला. "नऊ वर्षं दर रविवारी गेला तो. तापात गेला. तुला कुणी विचारलं नाही का गं, तुझं काय मत म्हणून?"

मी म्हटलं, विचारलं होतं.

ती दारातच उभी राहिली. मी जिना उतरले.

१७ मार्च, रविवार

नव्या ड्रमरबरोबर तालीम. सभ्य आहे. मला ताई म्हणतो. कानात बारीक यंत्र घालून वाजवतो, त्यात टकटक चालू असते, तीच ऐकत बसतो. माझ्याकडे कान ठेवणं दूरच!

आणि घाई करतो. प्रत्येक ठोका माझ्या आधी. मी तारेवर पोचते तोवर हा पुढे. मी म्हटलं तसं. दातांचे डॉक्टर म्हणाले, "घाई कशी करेल? तो तर यंत्रावर वाजवतोय." मी म्हटलं, यंत्रावर वाजवून संगीत होत नसतं. कुणी हसलं नाही.

२१ मार्च

अक्षर बारीक येतंय हल्ली. डायरी यंदा पुरून उरेल.

२३ मार्च, शनिवार

सभागृह. चारशे खुर्च्या, तीनशे तरी भरलेल्या. दादा आणि वहिनी आले होते. येतील असं वाटलं नव्हतं. चौथी रांग, कडेला.

पहिल्या गाण्यापासून मी मागे. आधी वाटलं स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरचा दोष. दुसऱ्या गाण्यात मधलं बोट तारेवर नेलं, ते गेलं, पहिल्याला बोलावलं, ते आलंच नाही. आलंच नाही! मी त्याच्याकडे पाहत होते. माझंच बोट, माझ्याच हाताचं, तारेवर नुसतं टेकलेलं. वेगाच्या गाण्यात किक एकीकडे आणि मी एकीकडे, सगळ्या हॉलला ऐकू येईल असं. इतकी वर्षं बास कुणाला ऐकू येत नव्हता, आज आला.

एका कडव्यात मी वाजवायचंच थांबवलं. गाणं बरं झालं लगेच.

ड्रमर नंतर जवळ आला. अगदी हळू म्हणाला, "ताई, राग मानू नका. तुम्ही मागे राहताय. पहिल्या तालमीपासून."

पहिल्या तालमीपासून.

दादा स्टेजवर आला, बास माझ्या गळ्यातून काढून पेटीत ठेवला.

२४ मार्च, रविवार

सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत. फोनवर टकटक लावून. साठ — बरोबर. ऐंशी — बरोबर. शंभरला पहिलं बोट जड. एकशे वीसला चार ठोके नीट, पाचवा गळतो. पुन्हा. गळतो. तारा नव्या घातल्या. गळतो. डाव्या हाताने टेबलावर वाजवून पाहिलं. डावा एकदम चोख.

मग रेकॉर्डिंग काढलं, फेब्रुवारीतलं. कानाला लावून आता फक्त बासच ऐकला. आधी मी फक्त किक ऐकत होते ना!

प्रत्येक ठिकाणी आधी मी ढिली पडते. किक नंतर येते.

फोन उलटा करून ठेवला.

२७ मार्च

मालकांनी दोन फ्रेमी परत केल्या. काच सैल. माझी काच सैल, वीस वर्षांत पहिल्यांदा! जॉब कार्ड वाचता वाचता म्हणाले, "बाई, हे अक्षर वाचायला मला आपल्याच दुकानातून भिंग घ्यावं लागेल." सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन ही वही चाळली. जानेवारीत पानाला पंधरा ओळी. आता चोवीस.

३० मार्च

दारात वहिनी. रागावलेलीच, पण आली. म्हणाली, "त्या दिवशी तू स्टेजवर चालत आलीस ना, तुझा एक हात हलत होता आणि एक नुसता लोंबत होता. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं." मग रडायला लागली. मग माझ्यावर ओरडली की एकटी राहतेस, कुणाला सांगत नाहीस. मग मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊनच टाकली फोनवरून, माझ्या समोर उभी राहून.

दादाला फोनवर विचारलं, येशील का सोबत? म्हणाला, "सुट्टी टाकली."

२ एप्रिल, मंगळवार

मेंदूविकाराचे डॉक्टर तरुण आहेत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. बोटं उघडमीट करा म्हणाले. अंगठ्यावर तर्जनी आपटा, जितक्या लवकर जमेल तितक्या. डावं भरभर. उजवं सुरू झालं, लहान लहान होत गेलं, थांबलं. चालून दाखवलं. एक ओळ लिहून दाखवली. मनगट धरून हलवलं तर ते दातेरी चाकासारखं अडकत अडकत हललं. मला ते आतून कळलं.

पार्किन्सन. सुरुवात आहे, गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली जातात, व्यायाम करा, असं बरंच. मी विचारलं, कधीपासून असेल? म्हणाले, "नक्की सांगता येत नाही. पण इतकं दिसतंय म्हणजे दीड-दोन वर्षं तरी."

दीड-दोन वर्षं. दादाचा खांदा नाही. दादाचं वय नाही.

दादा बाहेर बाकावर होता. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने वाचला, घडी घातली, शर्टच्या खिशात ठेवला, जणू त्याचाच रिपोर्ट. रस्ता ओलांडताना माझं कोपर धरलं. मला बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, ऊन किती आहे.

३ एप्रिल

कामावर गेले नाही. गोळी सुरू. मळमळतंय.

मास्तरांना फोन करून सांगितलं — चूक माझी होती, दादाची नव्हती, त्याला परत बोलवा. ते म्हणाले, "मी विचारलं होतं त्यांना. गेल्याच आठवड्यात. नाही म्हणाले."

का?

"म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या बासवर मला जमणार नाही."

उद्या जाऊन सांगणार. समोर बसून. वहिनीसमोर सुद्धा.

४ एप्रिल, गुरुवार

सांगितलं. "दादा, तू मागे पडत नव्हतास, मी पडत होते. आणि मास्तरांना तुझं नाव मीच सांगितलं."

"माहितीये," म्हणाला.

"काय माहितीये?"

"दोन्ही."

माझं बोट मागे पडतंय हे कधीपासून, तर गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासून. तेव्हाच का नाही बोललास म्हटलं, तर म्हणाला, "बोललो असतो तर तू वाजवायचं थांबवलं असतंस." मग म्हणाला,

"तुझं बोट पडेपर्यंत थांबायचो. मग पाय टाकायचो."