शेपूटवाल्या नामांची हकीकत

प्रिय मामा,

नमस्कार पोचावा. गुडघा काय म्हणतोय? मामी अजून तुमच्यावर ओरडतात ना, म्हणजे त्या ठणठणीत.

माझं आयुष्य बदललं ते मागच्या सोमवारी, जर्मनच्या वर्गातल्या एका मुलीने माझ्या कमरेला फळा पुसायचं फडकं बांधलं तेव्हा. (हुकूम सरांचा, गाठ तिची.) कॉलेज सोडून मी भाषा शिकतोय हे आईने कळवलंच असेल. कॉलेजचं नाव पत्रातही काढू नका, डोकं फिरतं.

तर जर्मनमध्ये काही पुल्लिंगी नामं आहेत: शेजारी, विद्यार्थी, गिऱ्हाईक, माकड. स्वतः काही करताहेत तोवर ताठ. कुणी त्यांना पाहिलं, झोडपलं की लगेच मागे 'न' लोंबतो. 'नाखबार' म्हणजे शेजारी. शेजाऱ्याला कुणी पाहिलं की झालाच 'नाखबार्न'. (मामाला असलं काही होत नाही, मी खात्री करून घेतली.) हे डोक्यात बसावं म्हणून सर नाटक करवतात. एकाने करायचं, दुसऱ्याने भोगायचं, आणि भोगणाऱ्याला शेपूट. ती नर्स आहे, जर्मनची परीक्षा पास झाली की जर्मनीतल्या इस्पितळात जाणार. ती बघणारी, मी शेजारी. खडूच्या धुळीने शिंकत होतो, पण मामा, स्वर्ग!

पुढच्या तासाला आमच्या वर्गातला मोबाइल-दुकानवाला उठला, "आज माकड मी." तिने त्याला दोन गाठी मारल्या. मला एकच! मी शेपूट ओढलं. गाठ पक्की, त्यामुळे शेपटाबरोबर तो आला आणि त्याच्याबरोबर फळा. सरांनी मला कायमचं बाहेर काढलं.

जिन्यात ती मागून आली. वाटलं, आता कानाखाली. म्हणाली, "शेपट्या, वर्गात ही नामं तुलाच येतात. आता मला कोण शिकवणार?"

"मी."

"घरी ये. बाबा समोर बसतील."

"बसू देत!"

आता पेच बघा. नीट शिकवलं तर ती पास होऊन विमानात बसणार. चुकीचं शिकवलं तर इथेच राहणार, पण रडत. काल ती एका वाक्यात शेपूट विसरली. मी पुढचं वाक्य काढलं. "बरोबर ना?" म्हणत तिने इतक्या भरवशाने पाहिलं की मी ओरडलोच, "चूक! परत म्हण!" तिच्या बाबांच्या हातातला पेपर खाली पडला.

तर ती जाणार. मी हसत निरोप देणार. माझं काही म्हणणं नाही.

आपला भाचा

ता. क. तिकडे नोकरीला पदवी लागते म्हणे. प्राचार्य तुमचे मित्र आहेत. मला परत घेतील का, विचाराल? माफीनामा लिहून ठेवलाय.

आणखी एक ता. क. आईला यातलं काही सांगू नका. जर्मनची परीक्षा उद्या आहे. त्या नर्सला पास करायला निघालो, हे दारात उभ्याने लिहितोय. दार ओढलं.