लग्नाच्या कपकेकवर चार गुलाब

अहो तोआदेर,

तुमच्या न कापलेल्या दाढीला माझा नमस्कार. मी सांगतेय, आपली नात इलिंका लिहितेय.

मी तिच्या दुकानात दिवसभर पिशवी पिळून कपकेकवर क्रीमचे गुलाब काढते. बोटं पार थकलीत, बाकी मी ठणठणीत.

काल लग्नाच्या साठ कपकेकवर मी चार-चार गुलाब काढले. नवरीची आई किंचाळली, “आजी, लग्न आहे की मयत? आपल्याकडे सम फुलं मेलेल्यांना वाहतात!” बिचाऱ्या इलिंकाने प्रत्येकावर पाचवा गुलाब बसवला.

मी सगळा दोष बोटांवर ढकलला. खरं तर पिशवी पिळताना डोक्यात तुमचा खोकला होता. डॉक्टरकडे गेलात का? नसाल तर उद्याच जा. मला तुमच्यासाठी फुलं विषमच मोजायचीत.

जिचं तुमच्याशी अजून भांडायचं राहिलंय ती,
सफ्ता