कडेला उजेड नाही

४ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी मिक्सर लावला तर स्वयंपाकघरातल्या बोर्डातून ठिणगी उडाली. हिनं हात मागं घेतला म्हणून बरं. जळका वास दुपारपर्यंत घरात होता. हिचं नेहमीचं पालुपद सुरू. "मी कवापासून ओरडते, या घराच्या लाइटीत जीव नाय. व्होल्टेजच येत नाय आपल्याकडं."

खोटं नाही. आमच्या गल्लीत व्होल्टेजची बोंब पहिल्यापासून. ही संध्याकाळी डाळ निवडते तर खडे राहून जातात. परवाच्या वरणात एक आला, दाढ अजून ठणकते आहे. डोळ्यांचं म्हणावं तर गेल्या वर्षी चष्म्याच्या दुकानात हिनं शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं वाचून दाखवली. दुकानदारच म्हणाला, मावशी, नजर एकदम फर्स्ट क्लास.

लासूर स्टेशनला रेखाला फोन केला. मुलगी आमची, पण बोलते सासूसारखी. "आप्पा, गल्लीतला कुणीबी वायरमन नका बोलावू. लायसनवाला आणा. घर केवढं जुनं झालंय." घर जुनं म्हटल्याचा राग आला. डेपोतल्या नोकरीवर बांधलेलं घर, एकेक वीट मी उभं राहून बसवून घेतलेली. वायरिंग मात्र तेव्हाचंच, हे कबूल.

६ नोव्हें., सोमवार
लायसनवाले आले. मुश्ताकभाई. पन्नाशी ओलांडलेली, पोट सुटलेलं, तोंड एक मिनिट बंद नाही. बॅगेतून आधी लायसन काढून दाखवलं, मग पाणी मागितलं. छताखालची लाकडी पट्टी उचकटून वायर बोटानं चोळली तर वरचं रबर भुगा होऊन खाली पडलं. "चाचा, ये घर अबतक जला कैसा नहीं? अल्ला की मेहेरबानी समझो."

म्हटलं, मेहेरबानी राहू द्या, व्होल्टेज बघा.

मीटर लावलं. बराबर है, म्हणाले. मी म्हटलं, सकाळी बरोबरच असतं हो, संध्याकाळी या.

७ नोव्हें.
मु.भाई संध्याकाळी आले. पुन्हा व्होल्टेज बरोबर! ही पदर खोचून शेजारी उभी. "मंग मला दिसत का नाय?"

मु.भाईंनी ट्यूबकडं बघितलं, भिंतींकडं बघितलं. "चाची, ट्यूब पुरानी, दीवारां भी काली पड गई. नई वायरिंग, नई लाइट डालने दो, फिर आराम से चावल चुनते बैठो."

ही हसली. किती दिवसांनी. तिथंच होकार देऊन टाकला. मला त्यांच्या मीटरवर अजून भरवसा नाही, पण वायरिंग बदलायचंच आहे.

९ नोव्हें., गुरुवार
कामाला सुरुवात. पट्ट्या निघताहेत, धुरळा सगळीकडं, चहातसुद्धा. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला. त्यात भरायला मीठ आणि कोळसा आणायला सांगितलं. मी मिठाची पिशवी घेऊन आलो तर ही दारातून, "आता काय लोणचं घालताय का खड्ड्यात?" मु.भाई इतके हसले की पहार टेकवून उभे राहिले. हिला चाची म्हणतात, मला चाचा. वयानं मी दहा वर्षांनीच मोठा असेन. असो.

११ नोव्हें., शनिवार
दोन खोल्यांची जुनी वायर पूर्ण काढली, म्हणून घरात लाइट नाही. दिवेलागणीला मेणबत्त्या लावल्या. मी तीनदा ट्रंकेवर आपटलो. ही मात्र बिनदिक्कत फिरत होती. मेणबत्ती न घेता आत जाऊन चहा करून आणला, कप बरोबर माझ्या हातात दिला. म्हटलं, मांजराच्या जन्मातली आहेस.

"सवय हाय मला. या घरात उजेड होता कवा?"

दोघं हसलो. अंधारात बसून जुन्या गोष्टी निघाल्या. तिचं करमाडचं माहेर, कंदिलाच्या काचा राखेनं पुसायचं काम तिच्याकडं असे. ती म्हणाली, कंदिलाचा उजेड चांगला होता, सगळीकडं सारखा पडायचा. मी म्हटलं, म्हातारपणी सगळ्यांनाच असं वाटतं.

१३ नोव्हें.
ही पडली. भर दुपारी. मधल्या दाराच्या कडेला नव्या पाइपांचा भारा ठेवलेला, त्यात पाय अडकला. गुडघा सुजलाय, कोपर खरचटलं. हाड शाबूत आहे. मी मु.भाईंवर असा ओरडलो की शेजारचे बाहेर आले. माणसं राहतात या घरात, गोदाम नाही हे! वगैरे.

त्यांनी स्वतः नाक्यावर जाऊन बर्फ आणला. "गलती हुई चाची." सगळा माल अंगणात नेऊन ठेवला. हीच मला म्हणाली, "त्याला का बोलले? माझंच ध्यान नव्हतं."

ध्यान कसं नव्हतं? भारा केवढा मोठा होता.

१६ नोव्हें., गुरुवार
झालं एकदाचं. आज नवा मेन चालू केला. खटके पांढरेशुभ्र, बोट लावलं की काम. बैठकीत दारावर लांब एलइडी, मधे छताला गोल. अरे काय उजेड! कोपऱ्यातली जळमटं दिसली, कॅलेंडरवरची तिथी पलंगावरून वाचता आली. मु.भाई हात पाठीमागं बांधून उभे, जसं काही स्वतःच्या पोरीचं लग्न लावताहेत.

ही खोलीच्या मधोमध उभी राहिली. तोंड वर करून बघितलं. "चांगला हाय. लई चांगला." मग जरा वेळानं, "पण मधीच पडतोय हो."

मु. – "मतलब?"

"मधी हाय. कडंला उजेड नाय. चारी अंगांनी अंधारच हाय."

मु.भाईंनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

१७ नोव्हें.
मु.भाईंनी कालच्या बोलण्यावरून समोरच्या भिंतीला आणखी एक ट्यूब लावली. ओट्यावर एक, मधल्या दाराशी एक. आता घरात बसलं की डोळे दुखतात माझे. अब बोलो चाची, म्हणाले. ही म्हणाली, "व्हय, आता बरंय." त्यांचं मन राखायला बोलली, ते मला कळलं.

ते गेल्यावर मी चिडलो. आता काय सूर्य आणून टांगू का तुझ्यासाठी? ती भाकरी थापत राहिली. जेवताना ताट माझ्याकडं सरकवलं, मी मान खाली घालून जेवलो. मला हिचा इतका राग आला होता.

१९ नोव्हें., रविवार
रेखा आली, दुपारच्या गाडीनं. लाइट बघून खूश. सगळे खटके दाबून बघितले, लहानपणी बघायची तसे.

दिवेलागण झाली. हिनं देवापाशी निरांजन लावलं. मी बैठकीतले सगळे दिवे लावले, एकूण एक. लाइट लागली की हात जोडायचे आणि लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं, ही आमच्याकडची रीत. रेखा दोन पोरांची आई झाली तरी इथं आली की पडते. आधी माझ्या पडली. मग हिच्या बाजूला जाऊन वाकली.

ही हात जोडून उभी होती. वळली, आणि वाकलेल्या पोरीवर सरळ चालत गेली. तिच्या पाठीला अडखळून कोलमडली, मी धरली. म्हणाली, "कोण हाय? रेखा? तू कवा आली हितं?"

एवढा लखलखाट. केसातली पिन दिसत होती पोरीच्या.

रेखा तशीच खाली बसलेली. मग उठून आईच्या डाव्या कानाजवळ हात नेला, बोटं हलवली. "आई, दिसतंय का काय?" काय? ही म्हणाली. उजव्या बाजूनं हलवली. काय करती गं? ही म्हणाली. हात पार नाकासमोर आणला तेव्हा म्हणाली, "हां, हात हाय तुझा."

रेखा आत जाऊन रडली. मी दिवे बंद करत सुटलो, का ते माहीत नाही.

२१ नोव्हें., मंगळवार
डोळ्यांच्या दवाखान्यात. रेखा सोबत. डॉक्टरीणबाई तरुण, शांत. विचारलं, "आजी, कधीपासून कमी दिसतंय?" ही ठणकावून, "डोळ्यांना काय झालंय? आमच्याकडं व्होल्टेज नव्हतं." बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

एका पांढऱ्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. आत ठिपके लागतात, ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर. दार अर्धं उघडं. बटणाचा आवाज येई. मग बराच वेळ येत नसे. मी मनात म्हणत होतो, दाब, दाब गं.

काचबिंदू. उजवा जवळजवळ गेलेला. डाव्याला मधला थोडा भाग. कडेनं जात जात आत येतो, दुखत नाही, म्हणून कुणाला कळत नाही, असं बाईंनी सांगितलं. समोरचं अक्षर दिसतं तोवर माणूस वाचतो. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं टिकवायला थेंब.

रिक्षात ही मधे बसली होती. पुंडलिकनगर, सिडको सगळं मागं गेलं. एकदाच बोलली. "म्हंजे लाइट चांगलीच होती व्हय आपली."

२२ नोव्हें.
लिहवत नाही.

अंधारात तिनं चहा आणून दिला होता. मी मांजर म्हटलं होतं.

२५ नोव्हें., शनिवार
मु.भाई अर्थिंग तपासायला आले. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, मीटर लावलं, ठीक आहे म्हणाले. ही आत झोपली होती. मी अंगणातच सांगितलं त्यांना सगळं.

पायरीवर बसले. लायसनवाला माणूस, इतकं बोलणारा, बोटानं पायरीवरची माती खरवडत बसला. मग म्हणाले, "चाचा, मेरे कू लगा मेरीच लाइट में कमी है."

म्हटलं, मलाही तेच वाटलं.

भिंतीवरच्या जादा ट्यूबा काढून नेऊ का विचारत होते. मी नको म्हटलं. जाताना आत वाकून हाक मारली, "चाची, जाता हूँ." ही जागी होती बहुतेक. "समोरून बोल बाबा, कुठंय तू?" ते चपला काढून आत गेले, पलंगासमोर उभे राहिले. ही त्यांना म्हणाली, "काम झ्याक केलं रं तू."

३ डिसें., रविवार
थेंब सकाळ-संध्याकाळ. मला घालू देत नाही, म्हणते तुमचा हात थरथरतो. स्वतः घालते, अर्धे गालावर. भांडण. मग माझ्याकडूनच घालून घेते. डोळा उघडा धरला की बुबुळ स्वच्छ दिसतं, काळंभोर, काहीसुद्धा झालंय असं वाटत नाही.

आज विचारलं तिनं. "समदं जाईल का?"

नाही म्हटलं. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या होत्या की फेब्रुवारीत पुन्हा ठिपके मोजू, थेंबांनी थांबलंय का ते तेव्हा कळेल.

मला भीती वाटते. उघड कुणाला बोलता येत नाही. देवळातून येताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं येतो, चालता चालता रडून घेतो आणि नळावर तोंड धुऊन घरात शिरतो. तिला कळतं की नाही माहीत नाही.

१० डिसें., रविवार
सकाळी दाढी करून चहा आणि पेपर घेऊन बसलो होतो. ही आली, दाराची चौकट हातानं चाचपत. "अहो, ती समदी लाइट लावा."

दिवसा? म्हटलं.

"लावा म्हन्ते ना."

लावली. मधली, दारावरची, समोरच्या भिंतीची. तिनं खुर्ची ओढली, मला बसवलं, आपण स्टूल घेऊन अगदी समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. काय काम आहे? विचारलं.

"काम नाय. गप बसा."

बघू लागली. एकदम सगळा चेहरा मावत नसावा तिच्या नजरेत. आधी कपाळ, मग भुवया, मग एकेक डोळा, अशी मान हळूहळू फिरवत. हनुवटीशी थांबली, पुन्हा वर गेली. लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हासुद्धा तिनं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं, मान खाली होती.

"कान केवढाले झाले तुमचे," म्हणाली. "आन् ह्यो तीळ कवाचा?"

पहिल्यापासून आहे, म्हटलं.

"मला नाय म्हाईत." मग थोड्या वेळानं, "हलू नका."

पुढच्या रविवारी रेखाला पोरांना घेऊन यायला सांगितलंय तिनं. सोमवारची शाळा बुडली तरी चालेल म्हणाली. मु.भाईंनाही बोलवा म्हणाली, त्यांचं तोंड नीट बघायचं राहिलंय. कशाला ते कुणाला सांगायचं नाही, अशी मला ताकीद आहे.

मी हललो नाही. चहा कधीच निवला होता. ती अजून डाव्या गालावर होती.