हवेपुरतं छिद्र

प्रिय टिटवी,

पत्र बघून दचकू नकोस. मी बरी आहे. ताप नाही, जेवण जातं, झोप म्हणशील तर माझी ती आधीपासूनच उंडगी. फोन केला असता, पण फोनवर तू माझी मुलगी राहत नाहीस, डॉक्टर होतेस. ताप किती, पोट साफ होतं का, ड्रेसिंगला कोण येतं, असे तुझे प्रश्न सुरू होतात. मी सगळ्यांची बरोबर उत्तरं देऊन पास होते आणि जे सांगायचं ते तसंच राहतं. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही. तशी मीही एका जागी बसून लिहीत नाहीये. पोटाला नळी, नळीला पंप, पंपाला खांद्यावरचा पट्टा, असा सगळा संसार गळ्यात घेऊन सकाळपासून पलंग, खिडकी, ओटा अशा फेऱ्या चालल्या आहेत. दोन ओळी लिहायच्या, उठायचं, पातेल्यावरचं झाकण सारखं करायचं, परत बसायचं. अक्षर बघून हात थरथरतो असं समजू नकोस. अर्ध्या ओळी ओट्यावर उभ्याने लिहिल्या आहेत.

बातमी ही, की तुझ्या बाबांनी स्वतः बनवलेले पंप परत मागवले. म्हणजे ट्रायलसाठी वॉर्डात दिलेले सगळे. सर्जनसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, माझी वस्तू आहे, मला परत द्या, मी मोडून टाकणार आहे. सर्जन म्हणाले, शुक्रवारपर्यंत थांबा, मग बघू. त्यांना वाटतंय, रागात आहेत, उतरेल. पण हा राग नाही गं. राग असता तर मी ओळखला असता. यांचा राग म्हणजे चहाला नको म्हणायचं आणि नंतर स्वतःच उठून करून घ्यायचा. आता दिलेला चहा घेतात आणि हातात धरून घरभर हिंडतात. शेवटी कप कुठल्यातरी खिडकीत सापडतो, भरलेला.

वर्कशॉपला कुलूप आहे. तुला माहीत आहे, ताडपत्रीखाली तो मोठा जनरेटर अर्धवट पडलाय, सगळ्या गल्लीला हायड्रोजनवर उजेड देणारा. शेजारचे आजोबा अजून विचारतात, काय हो, आमचा उजेड कुठवर आला? पूर्वी हे त्यांना अर्धा तास समजावून सांगायचे, की हायड्रोजन आणि हवा एकत्र आले की वीज मिळते आणि मागे उरतं ते फक्त पाणी, धूर नाही, आवाज नाही. परवा आजोबांनी विचारलं तर हे म्हणाले, मेणबत्त्या आणून ठेवा. आणि घरात येऊन न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करत बसले. बिजागऱ्या झाल्या, नळ झाले, माझ्या चष्म्याच्या काड्यासुद्धा आवळून झाल्या. आता चष्मा इतका घट्ट झालाय की कानामागे वळ उठतात.

तो दाढीचा ब्रश आठवतो ना तुला? साबणाच्या पाण्यात बुडवून प्रत्येक सांध्याला फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. हायड्रोजन इतका बारीक की मिळेल तिथून निसटतो, त्याला ना रंग ना वास. म्हणून यांनी जन्मभर एकच गोष्ट केली, गळती शोधली. लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात यांनी माझ्या गरम पाण्याच्या पिशवीला फेस फासून बघितला होता. कुकरची रिंग, तुझ्या सायकलचं चाक, तुझ्या वाढदिवसाचे फुगे, काही सोडलं नाही. फुगे तर तुझ्या मैत्रिणींच्या देखत, आणि तू रडून घर डोक्यावर घेतलं होतंस. टिटवी हे नाव त्याच दिवशी पडलं तुला.

आता पंपाचं. त्या प्रकरणात तू जे ऐकलंस ते सर्जनकडून ऐकलंस, आणि डॉक्टर डॉक्टरला सांगतो तेव्हा माणसं गळतात. म्हणून माझ्या तोंडून ऐक. आतड्याच्या ऑपरेशननंतर माझे टाके उसवले, जखम उघडी ठेवून तळापासून भरू द्यायची ठरली, इथपर्यंत तुला माहीत आहे. जखमेत स्पंज, वरून पारदर्शक चिकटपट्टी, त्यातून नळी, आणि नळीतून घाण ओढून घेणारा पंप. वॉर्डातल्या मशीनला भिंतीतली वीज लागते, नाहीतर थोडा वेळ बॅटरी. यांच्या पंपाला हायड्रोजनची एक छोटी नळकांडी लागते, बस. सर्जनना पहिल्यांदा दाखवला तेव्हा ते म्हणाले होते, वॉर्डात हायड्रोजन? पेशंट बरा करायचाय की उडवायचाय? मग यांनी त्यांना बसवून दाखवलं, की आत गॅस मोकळा नाहीच, धातूच्या भुकटीत मुरवलेला आहे आणि लागेल तेवढाच बाहेर येतो. पुढे तपासण्या झाल्या, कमिटी बसली, परवानगी आली. तुला वाटतं तसं स्वयंपाकघरातून उचलून थेट माझ्या पोटावर ठेवलेलं नाही.

आणि तुला वाटतं तसं मला कोणी गळही घातली नाही. हे तर नकोच म्हणत होते. दुसऱ्या कोणालाही लावा, हिला नको, असं सर्जनना सांगून आले होते. मी त्यांच्या पाठीमागे सिस्टरना बोलावलं आणि सही केली. कळल्यावर हे म्हणाले, तुला कळतंय का काय केलंस? मी म्हटलं, अहो, परक्या बायकांच्या पोटाला चालतं ते माझ्या पोटाला चालत नसेल तर त्यांच्याही पोटाला लावू नका. टिटवे, हा हट्ट माझा होता, आणि अजूनही मला तो चुकीचा वाटत नाही.

पंप सुंदर चालला. इतका सुंदर, की थोड्या दिवसांनी ऐकूच येईना. वॉर्डातली मशीन सारखी गुरगुरतात, कारण कुठून ना कुठून हवा आत शिरत असते आणि ती बाहेर काढायला ती पुन्हा पुन्हा सुरू होतात. यांच्या पंपात हवा शिरणार कुठून? जन्मभराचा फेस लागला होता त्या सांध्यांना. काटा एका जागी उभा, पंप गप्प, हायड्रोजन जवळजवळ खर्चच नाही. हे लहान मुलासारखे काट्याकडे बघत बसायचे. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून नोकरी केली, मला शांतता सोसत नाही. चालू लाइनवर कोणी बोलत नसलं तरी एक बारीक घुं असते, ती गेली की जीव खालीवर होतो. मी म्हटलं, फार गप्प आहे हो हा. हे खूश होऊन म्हणाले, गप्प म्हणजे गळती नाही. मला तरी काय कळत होतं? मलाही अभिमानच वाटला.

मग ताप आला, आणि पट्टी काढल्यावर आत पू साचलेला दिसला, ते तुला सर्जननी सांगितलंच. इतर मशीनमध्ये जी थोडी हवा शिरते, तिच्या धक्क्यानेच जखमेतलं घट्ट पाणी नळीतून पुढे सरकतं. यांनी हवेला शिरायला जागाच ठेवली नव्हती. पाणी नळीत अडकून घट्ट झालं. काटा दाखवत होता तो दाब पंपाच्या बाजूचा. जखमेच्या बाजूला सगळं साचत होतं. ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती. त्यासाठी आयुष्य हायड्रोजनमागे धावण्यात घालवावं लागतं.

तेव्हा तू फोनवर म्हणालीस, बाबा, आई म्हणजे तुमचं वर्कशॉप नाही. मी पलंगावर होते, तुझा आवाज फोनमधून मला तिथवर ऐकू आला. हे म्हणाले, बरोबर आहे तुझं. आणि फोन ठेवला. त्यानंतर तू फोन करतेस तेव्हा हे बाहेर जातात, आणि तूही त्यांना द्यायला सांगत नाहीस.

त्यांनी पुढे काय केलं ते तुला कोणी सांगितलं नसेल. जखमेजवळ नळीला एक छिद्र पाडलं, केसाएवढं, त्यावर जंतू गाळणारी जाळी. आता अधूनमधून एक घोट हवा आत जाते, पंप फुस्स करतो आणि पाणी पुढे सरकतं. फुस्स ऐकलं की मला बरं वाटतं. कमिटीने तो नवा पंप पुन्हा तपासला, आणि मी सर्जनना सांगून तोच परत लावून घेतला, हे नको नको म्हणत असताना. सर्जन म्हणतात, तळ लाल दिसतोय, भरतोय. पण हे बघत नाहीत. ड्रेसिंगची सिस्टर फाटकात दिसली की यांना बाजारातून काहीतरी आणायचं असतं. सर्जन चांगलं आहे म्हणतात तर हे म्हणतात, ते माझं मन राखतात. मी म्हणते तर मी बायको. सिस्टर म्हणते तर ती भिडस्त. सगळे समजूत घालताहेत, असं त्यांनी ठरवूनच टाकलंय.

आता एक जुनी गोष्ट. तुझं पहिलं पोस्टिंग डोंगरातल्या त्या हॉस्पिटलात होतं. तिथे वादळात लाइट गेली, असल्याच मशीनची बॅटरी संपली, आणि तू त्या बसड्रायव्हरच्या पायाशी बसून जखमेतली घाण मोठ्या सिरिंजने हाताने ओढत राहिलीस. लाइट काही आली नाही. पाय गेला त्याचा. तू घरी फोन केलास, फोन यांनी घेतला. तू रडून रडून सगळं सांगितलंस आणि यांनी विचारलं, बॅटरी किती वेळ चालली? तू किंचाळलीस, मी इथे रडतेय आणि तुम्ही बॅटरी विचारताय! पुढे कितीतरी वर्षं तू हा किस्सा सगळ्यांना हसत हसत सांगितलास, आमचे बाबा असे म्हणून. हसताना तुझा चेहरा मात्र हसत नसायचा, ते मी बघितलंय.

टिटवे, मोठ्या जनरेटरवर ताडपत्री पडली ती त्याच आठवड्यात. मी विचारलं, आता गल्लीच्या उजेडाचं काय? तर म्हणाले, गल्ली थांबेल, आधी एक छोटी वस्तू करायची आहे. ती छोटी वस्तू आता माझ्या खांद्याला लटकते आहे. तुला सांगू का म्हटलं, तर म्हणाले, चालू तर होऊ दे आधी. मग चालू झाल्यावर म्हणाले, अजून जरा चांगला होऊ दे. तुमचं दोघांचं असंच आहे. सगळे सांधे पक्के, आत काय साचलंय ते बाहेरून दिसायची सोय नाही.

गुरुवारी ड्रेसिंग आहे. तू ये. माझ्यासाठी नको, मी भरतेच आहे. त्यांच्यासाठी ये. राग गेला नसेल तर राग घेऊनच ये, कारण अख्ख्या घरादारात त्यांची समजूत न घालणारं माणूस तू एकटीच उरली आहेस. त्यांना बाजारात जाऊ देऊ नकोस, शेजारी उभं कर. तुझ्या हाताने पट्टी काढ आणि नीट बघ. वाईट दिसलं तर तिथल्या तिथे पंप सोडवून त्यांच्या हातात दे, मोडू देत. मी हूं की चूं करणार नाही. आणि चांगलं दिसलं तर तेही तितक्याच मोठ्या आवाजात सांग. तू म्हणशील ते मानतील ते. आत्ता मी लिहीत असताना दारात येऊन उभे राहिले होते. कोणाला लिहितेस, हे विचारलं नाही. बराच वेळ कडीचा स्क्रू बोटाने चाचपत राहिले. मग म्हणाले, विचार तिला, त्या डोंगरातल्या हॉस्पिटलात अजून लाइट जाते का. मी विचारलंय. उत्तर मला कळवू नकोस. त्यांना सांग, समोर उभी राहून.

तुझीच,
उसवलेली, पण भरत आलेली
आई