शिक्षेबाबत काही सांगायचे आहे?

१ मार्च २००७
धाकल्याला आज पुन्हा स्वयंपाकघरात बसवला. माझ्या कामवाल्या सोनीचा नवरा, दिघाशी गावचा, गोडाउनात हमाली करतो. मुकादमाचा हात फळीनं मोडला म्हणून खटला. हा आणि मारणार? मांजराला वाट देतो! पण साहेब दिसला की कशालाही मान हलवून "हाय", म्हणजे हो. चंद्रावर गेला होतास का? "हाय." असा माणूस कोर्टात टिकेल?

पंचवीस वेळा घोटून घेतलं. काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं. कॉन्व्हेंटात सिस्टर आमच्याकडून पाढे घ्यायच्या, तसं. सरकारनं दिलेला फुकटचा वकील दोन मिनिटं थांबत नाही — मग कोणी करायचं?

६ मार्च
कोर्टात सगळ्याला "न्हाय". शाबास!

१२ मार्च
दोषी. साक्षीदारांपुढे त्याचं "न्हाय" कोण ऐकतो!

पण नंतरचं लिहायलाच हवं. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं, आवाज मऊ केला. शिक्षेबाबत काही सांगायचं आहे?
"न्हाय."
घरी कोणी अवलंबून?
"न्हाय." मागच्या बाकावर सोनी, मांडीवर पोर!
झाल्याचं वाईट वाटतं?
"न्हाय."
आणि माझ्याकडे बघितलं. बरोबर उत्तर दिल्यासारखं.
तीन वर्षं सक्तमजुरी.

१३ मार्च
वकिलाला फोनवर झाडला. म्हणे, दोषी ठरल्यावर जे विचारतात ते आरोपीच्याच भल्यासाठी असतं. बायको-पोरं, गरिबी, का घडलं — सगळं तिथंच सांगायचं, त्यावर शिक्षा कमी होते. मग तुमचं तोंड शिवलं होतं का? तर म्हणाला, "मॅडम, न्हाय म्हणायला त्याला शिकवलं कोणी?"
फोन मीच ठेवला.

१४ मार्च
सोनी आली. भांडी घासली, गेली. ठाण्याच्या वरच्या कोर्टात अपील करायचं. वकिलाच्या डोक्यावर बसून करून घेईन. आणि या वेळी धाकल्याला काही शिकवणार नाही.

५ सप्टेंबर
ठाणे. तोच प्रश्न: शिक्षेबाबत काही सांगायचं आहे? धाकल्या म्हणाला, "मारला मीच, सायब. मुकादमानी सोनीचा हात धरला व्हता, गोडाउनात."

भोगली तेवढी शिक्षा पुरे, असा निकाल. सुटला.

सोनी दोन वर्षं माझ्या घरात कामाला आहे. काय घडलं, ते मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.